आधी फॉर्म १०ई, मग सुधारित विवरणपत्र

पत्र : मी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून ३१ मे २०२१ रोजी निवृत्त झाले. माझे वय ६२ आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आयकर विवरणपत्र पुण्यातील भाच्याने २८ ऑगस्ट रोजी ऑनलाइन भरून दिले आणि २३,६१० रुपये रिफंड येईल असे सांगितले. ऑक्टोबरमध्ये मात्र १६,४९० रुपयेच मंजूर झाल्याचे कळले आणि तेही खात्यात जमा झाले नाहीत. त्याबाबत आलेली पीडीएफ पासवर्ड मागते, म्हणून ती उघडून पाहिलेली नाही. त्यानंतर एका नागरी सहकारी बँकेने फॉर्म १६ए, म्हणजे करकपातीचा दाखला, दिला, तेव्हा तिथल्या ठेवीचे ६२,००० रुपये व्याज आणि त्यावर कापलेले ६,२०० रुपये विवरणपत्रात दाखवायचे राहिल्याचे लक्षात आले. व्याज दाखवले तर रिफंड आणखी कमी होईल, अशी भीती वाटते. शिवाय २०२१-२२ चे विवरणपत्र मी भरलेलेच नाही. २०२२ च्या जुलैपासून यजमान रुग्णालयात होते आणि जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. २०२१-२२ मध्ये व्याजातून ११,२०० रुपये कापले होते. गावातील एक एजंट म्हणतात, की 'अपडेटेड रिटर्न' भरून दोन्ही वर्षांचे पैसे आणून देतो, थोड्या देणग्या दाखवून रक्कमही वाढवतो, मिळतील त्याचे पंधरा टक्के द्या. मी काय करावे? सर्व आकडे सोबत जोडले आहेत.

उत्तर :

आदरणीय बाई,

आपण आकडे इतके व्यवस्थित लिहून पाठवलेत, की मला बसल्या जागी पूर्ण हिशेब मांडता आला, आणि त्या हिशेबातून निघालेली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे आपली भीती दूर होईल. राहिलेले व्याज दाखवल्याने आपला परतावा कमी होणार नाही, उलट तो २३,६१० रुपयांवरून २९,८१० रुपयांवर जाईल. मात्र त्यासाठी दोन कामे ठरावीक क्रमानेच करावी लागतील. क्रम चुकला, तर याच विवरणपत्रावर परतावा ९,७९० रुपयांपर्यंत खाली येईल.

आधी ती पीडीएफ उघडा. तिचा पासवर्ड म्हणजे आपला पॅन, त्यातली इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे, अर्थात दिवस, महिना व वर्ष, मध्ये कुठेही मोकळी जागा न सोडता. हा कागद म्हणजे बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राने, ज्याला सगळे सीपीसी म्हणतात त्याने, कलम १४३(१) खाली पाठवलेली सूचना आहे. तिच्यात दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. एकात आपण भरलेला आकडा असतो आणि दुसऱ्यात सीपीसीने धरलेला. कर भरणाऱ्याला आयकर खात्याकडून मिळणारा हा सर्वांत उपयोगी कागद आहे असे माझे मत आहे, आणि तोच बहुतेक जण उघडत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन्ही रकाने ओळीने ताडून पाहिले, की तफावत नेमकी कुठे पडली ते कळते. आपल्या बाबतीत ती 'कलम ८९ खालील सवलत' या ओळीत दिसेल, कारण भाच्याने तिथे ७,११७ रुपये भरले आहेत आणि सीपीसीने शून्य धरले आहे.

ही सवलत कशाची, ते समजून घ्यायला हवे, कारण आपला सगळा प्रश्न तिच्याभोवती फिरतो. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे ९०,००० रुपये आपल्याला २०२४-२५ मध्ये मिळाले, परंतु तो पगार २०१६-१७, २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांचा, दर वर्षी ३०,००० रुपयांप्रमाणे होता. त्या-त्या वेळी ही रक्कम हाती आली असती, तर तिच्यावर कमी कर लागला असता. आता एकदम मिळाल्यामुळे आपले करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या पुढे गेले, आणि जुन्या करपद्धतीत ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए खाली मिळणारी पूर्ण करमाफी हातची गेली. सरकारनेच उशिरा दिलेल्या पगाराचा असा भुर्दंड कर्मचाऱ्याला बसू नये, यासाठी कलम ८९ आहे. पण ती सवलत विवरणपत्रात नुसती लिहून मिळत नाही. तिच्या हिशेबाचा फॉर्म १०ई आयकर खात्याच्या पोर्टलवर स्वतंत्रपणे भरावा लागतो, आणि तो विवरणपत्राच्या आधी भरलेला असावा लागतो. भाच्याने आकडा बरोबर काढला, पण फॉर्म भरला नाही. निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की थकबाकी हा शब्द ऐकला की मी आधी फॉर्म १०ई चीच चौकशी करतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. निवृत्तिवेतन ५,९०,०००, थकबाकी ९०,००० आणि दोन्ही बँकांचे मिळून व्याज १,८०,००० म्हणजे एकूण ८,६०,००० रुपये. त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००, ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर मिळणारी कलम ८०टीटीबी ची ५०,०००, कलम ८०सी ची १,५०,००० आणि आरोग्यविम्याच्या हप्त्याची ३४,००० वजा जाता ५,७६,००० रुपये उरतात. यावर उपकरासह २६,२०८ रुपये कर येतो. (नव्या पद्धतीने तो २९,६४० आला असता, म्हणून भाच्याने जुनी पद्धत निवडली ते योग्यच केले, आणि विवरणपत्र मुदतीत भरलेले असल्यामुळे ती निवड वैधही आहे.) थकबाकी नसती तर उत्पन्न ४,८६,००० राहिले असते आणि कर शून्य झाला असता. म्हणजे हे सगळे २६,२०८ रुपये केवळ थकबाकीमुळे आले. तीच थकबाकी मूळ वर्षांत धरली, तर आपण दिलेल्या त्या वर्षांच्या सुमारे ४ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर अनुक्रमे ३,०९०, १,५४५ आणि १,५६० असा ६,१९५ रुपयांचा जादा कर लागला असता. या दोहोंतला फरक, म्हणजे २०,०१३ रुपये, ही आपली कलम ८९ ची सवलत. ती वजा जाता देय कर ६,१९५ रुपये राहतो. आपला एकूण कापला गेलेला कर २९,८०० अधिक सहकारी बँकेचे ६,२०० असा ३६,००० रुपये आहे, म्हणून परतावा २९,८०५, आणि दहाच्या पटीत पूर्णांकित करून २९,८१० रुपये.

राहिलेल्या व्याजामुळे कर वाढतो खरा, पण तितकीच सवलतही वाढते, म्हणून देय कर भाच्याच्या आणि माझ्या दोन्ही हिशेबांत ६,१९५ च राहतो आणि बँकेने कापलेले ६,२०० रुपये पूर्णपणे परत येतात. फॉर्म १०ई न भरताच सुधारित विवरणपत्र भरले, तर मात्र ही सवलत पुन्हा नाकारली जाईल आणि ३६,००० मधून २६,२०८ वजा होऊन ९,७९० रुपयेच हाती येतील. १६,४९० रुपये आधीच मंजूर झालेले असल्यामुळे वरची रक्कम परत भरण्याची मागणीही येईल. म्हणून आधी फॉर्म १०ई, मग सुधारित विवरणपत्र, हा क्रम सोडू नका. फॉर्म भरण्यापूर्वी वर्षवार थकबाकीचा तक्ता पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडून लेखी घ्या आणि त्या तिन्ही वर्षांचे फॉर्म १६ (पगारावरील करकपातीचे दाखले) किंवा विवरणपत्रे शोधून करपात्र उत्पन्नाचे नेमके आकडे घाला. मी 'सुमारे ४ लाख' धरले आहेत, फॉर्ममध्ये अंदाज चालत नाही, आणि नेमक्या आकड्यांनी सवलतीत थोडा फरकही पडू शकेल.

मंजुरीची सूचना आल्यावर आता विवरणपत्र सुधारता येते का, असे आपण विचारले आहे. येते. कलम १३९(५) प्रमाणे करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरच्या आर्थिक वर्षाच्या, ३१ डिसेंबरपर्यंत किंवा करनिर्धारण पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, सुधारित विवरणपत्र भरता येते, आणि कलम १४३(१) ची सूचना म्हणजे करनिर्धारण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे आपल्याला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत आहे. हे उत्तर मी नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर लिहीत असल्याने वेळ पुरेसा आहे, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. सुधारित विवरणपत्र आधीच्या विवरणपत्राची जागा पूर्णपणे घेते, त्यामुळे त्यात केवळ राहिलेले व्याज न लिहिता सगळे उत्पन्न, सगळ्या वजावटी आणि सगळी करकपात पुन्हा भरावी लागते, आणि मूळ विवरणपत्राचा पोचक्रमांक व तारीख नोंदवावी लागते. आधी मंजूर झालेला परतावा त्यातून आपण वजा करायचा नाही, ते काम सीपीसी करते. भरण्यापूर्वी पोर्टलवरील फॉर्म २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उतरवून घ्या आणि दोन्ही बँकांचे आकडे त्यांच्याशी जुळवा. ते त्या वेळी केले असते, तर सहकारी बँकेचे व्याज नजरेतून सुटलेच नसते. भरून झाले, की त्याच बैठकीत आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने पडताळणी करा. कायद्याने त्यासाठी ३० दिवस असतात, पण पडताळणी विसरल्यामुळे विवरणपत्र भरलेच नाही असे ठरण्याची वेळ अनेकांवर येते.

काही परिचितांनी आपल्याला कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज करायला सांगितले आहे. तो मार्ग खात्याकडून नोंदीवरून उघड दिसणारी चूक झाली असेल तेव्हाचा, उदाहरणार्थ २६एएस मध्ये दिसणारी आणि आपण विवरणपत्रात बरोबर भरलेली करकपात सीपीसीने धरली नाही तर. त्याची मुदत सूचना ज्या आर्थिक वर्षात आली ते संपल्यापासून चार वर्षे असते. उत्पन्न दाखवायचे राहिले ही चूक आपल्या बाजूची आहे, आणि ती दुरुस्ती अर्जाने भरून निघत नाही.

आता मंजूर झालेले १६,४९० रुपये खात्यात का आले नाहीत, याकडे वळू. आपण पाठवलेल्या संदेशात नाव न जुळल्याचे कारण दिले आहे. आपला पॅन माहेरच्या नावाने आणि बँकखाते सासरच्या नावाने आहे, हे आपणच लिहिले आहे. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे नाव, वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि आडनाव असे सगळे बदलते, पण पॅन जुनाच राहतो, आणि वर्षानुवर्षे काही अडत नाही. परताव्याचे पैसे मात्र पॅनवरील नाव आणि खात्यावरील नाव जुळले, आणि ते खाते पोर्टलवर पूर्वप्रमाणित असले, तरच जमा होतात. आधार, निवृत्तिवेतन आणि बँकखाते हे तिन्ही सासरच्या नावाने असल्यामुळे पॅनमध्येच नावदुरुस्तीचा अर्ज करणे आपल्याला सोयीचे पडेल. त्यासोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे. पॅन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे जुन्या नोंदींना धक्का लागत नाही. नाव बदलून आल्यावर खाते पुन्हा प्रमाणित करा आणि 'रिफंड री-इश्यू'ची विनंती नोंदवा. दुसरे खाते द्यायचे असेल, तर तेही आधी तपासून घ्या. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, पुढच्या वर्षी आणखी काही सरकारी बँका विलीन झाल्या, आणि जुन्या पासबुकावरचा आयएफएससी क्रमांक तसाच भरल्याने परतावा अडकल्याची उदाहरणे अजूनही येतात.

पोर्टलवर भाच्याचा मोबाइल आणि त्याचाच ईमेल नोंदवलेला आहे, असे दिसते. त्याने ते सोयीसाठी केले असेल, पण खात्याचा प्रत्येक संदेश आपल्याला थेट मिळायला हवा, म्हणून तो तपशील आजच बदलून घ्या. आणि 'आपला रिफंड मंजूर झाला आहे, येथे क्लिक करा' असा दुवा असलेला संदेश आला, तर तो उघडू नका. आयकर खाते परताव्यासाठी कधीही ओटीपी, एटीएमचा पिन किंवा कार्डाचा क्रमांक मागत नाही.

२०२१-२२ ची गोष्ट वेगळी आहे, आणि तीबद्दल लिहिताना मला आपल्या त्या सहा महिन्यांची जाणीव आहे. त्या वर्षासाठीची मुदत ३१ जुलै २०२२ रोजी आणि विलंबित विवरणपत्राची ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपली, म्हणजे नेमका यजमानांच्या आजारपणाचा काळ. अशा प्रसंगांसाठीच कलम ११९(२)(ब) आहे. खरोखरची अडचण असल्याने मुदत पाळता आली नाही, हे पटवून दिले, तर विलंब माफ करून विवरणपत्र स्वीकारण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्यांना त्यात आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने अशा अर्जांची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षे ठेवली आहे, आणि १ कोटीपर्यंतच्या परताव्याचे अर्ज प्रधान आयकर आयुक्त किंवा आयकर आयुक्त निकाली काढतात. आपले करनिर्धारण वर्ष २०२२-२३ असल्यामुळे ३१ मार्च २०२८ पर्यंत अर्ज करता येईल. अर्ज आपल्या कार्यक्षेत्राच्या प्रधान आयकर आयुक्तांच्या नावे करावा. कार्यक्षेत्र पोर्टलवर पॅनवरून कळते. त्यात तारखा द्या, भावना थोडक्यात मांडा, आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद, मृत्यूचा दाखला, त्या वर्षीचा फॉर्म २६एएस आणि उत्पन्नाचा हिशेब जोडा. हिशेबावरून त्या वर्षी आपले करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत होते आणि करमाफीमुळे कर शून्य येत होता, म्हणजे कापलेले सर्व ११,२०० रुपये आपले आहेत. त्यातून १,००० रुपये विलंबशुल्क वजा होण्याची तयारी ठेवा, आणि या उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळणार नाही, असे परिपत्रकातच म्हटले आहे. निर्णय शक्यतो सहा महिन्यांत द्यावा अशी त्यात अपेक्षा आहे. या एका कामासाठी सनदी लेखापालाची मदत घेतलीत, तर ते शुल्क योग्य ठिकाणी गेले असे मी म्हणेन.

एजंट ज्याला 'अपडेटेड रिटर्न' म्हणतात, ते कलम १३९(८ए) चे अद्ययावत विवरणपत्र २०२२ पासून आले आहे आणि २०२५ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढली आहे. पण ते राहिलेले उत्पन्न जाहीर करून जादा कर भरण्यासाठी आहे, आणि त्यासाठी उशिराप्रमाणे २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. परतावा मागण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी ते भरताच येत नाही. म्हणजे या गृहस्थांना एकतर कायदा माहीत नाही, किंवा आपल्याला माहीत नाही असे ते धरून चालले आहेत.

देणग्यांबद्दल मी याहून कडक बोलतो आणि त्याबद्दल आपण मला क्षमा कराल. न दिलेली देणगी दाखवून मिळवलेला परतावा हा खोटा दावा आहे. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो विवरणपत्रावर ज्याचे नाव आहे त्याला भरावा लागतो. एजंट तोवर आपले पंधरा टक्के घेऊन दुसऱ्या गावात गेलेले असतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशाच बनावट वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांवर कारवाई केली, आणि तीत सापडलेल्यांमध्ये पगारदार माणसे मोठ्या संख्येने होती. आपण आयुष्यभर मुलांना खरे लिहायला शिकवले आहे. आपल्या हक्काचे पैसे आपल्याला खऱ्या आकड्यांनीच मिळत आहेत, तेव्हा त्या एजंटांना पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका, आणि आधीच दिला असेल तर आज बदला.

परताव्यावर कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. मूळ विवरणपत्र मुदतीत भरल्यामुळे २०२४-२५ च्या परताव्याचे व्याज १ एप्रिल २०२५ पासून मोजले जाईल. आपल्या बाजूने झालेल्या विलंबाचा काळ मात्र त्यातून वगळला जाऊ शकतो. जे व्याज मिळेल ते करपात्र असते, म्हणून ते ज्या वर्षी मिळेल त्या वर्षीच्या विवरणपत्रात 'इतर उत्पन्ना'त दाखवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत आहे, पण आपली ही दोन्ही वर्षे १९६१ च्याच कायद्याखाली राहतील, त्यामुळे त्याची चिंता नको.

चालू वर्ष २०२५-२६ पुरते एक काम मात्र आताच उरकून घ्या. नव्या करपद्धतीत या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण करमाफी आहे, आणि आपले निवृत्तिवेतन व व्याज मिळून ते त्याच्या बरेच आत आहे. म्हणून दोन्ही बँकांत फॉर्म १५एच, म्हणजे आपल्याला कर लागत नसल्याचे ज्येष्ठ नागरिकाचे घोषणापत्र, देऊन त्याची पोच घ्या, म्हणजे यापुढे जमा होणाऱ्या व्याजातून कर कापला जाणार नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही कपात आता व्याज १ लाखाच्या वर गेले तरच होते, तेव्हा सहकारी बँकेने कदाचित यंदा काही कापलेही नसेल, पण दुसऱ्या बँकेतील ठेव मोठी आहे, तिथे फॉर्म द्याच. एप्रिलपासून आतापर्यंत जे कापले गेले असेल ते बँक परत करू शकत नाही, ते पुढच्या जुलैच्या विवरणपत्रातून मिळेल. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयालाही त्यावर नव्या पद्धतीने कर मोजावा असे लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत आपल्या फाइलमध्ये फॉर्म १०ई च्या पोचेशेजारी ठेवा.